विश्लेषण : समानतेचे धडे वर्गात दिले तर हिंसा कमी होते का? शाळांमधले प्रयोग काय सांगतात?

बदलापूर येथील एका शाळेत ऑगस्ट २०२४ मध्ये दोन चिमुरड्या मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे उघड झाले आणि राज्यभर संताप उसळला. त्यानंतर शाळांसाठी सीसीटीव्ही, तक्रार पेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, समित्या असे आदेश निघाले. हे उपाय गरजेचेच आहेत. पण ते आजच्या धोक्यापुरते आहेत. आज सातवीत बसलेला मुलगा उद्या नवरा, सहकारी किंवा वरिष्ठ होईल तेव्हा हात उगारणार नाही, नकार पचवू शकेल, यासाठी शाळेने काय करायचे? या प्रश्नावर मुंबईच्या महापालिका शाळांपासून हरियाणा, बिहारपर्यंत गेल्या दीड-दोन दशकांत प्रत्यक्ष प्रयोग झाले आहेत. त्यांतून काय साधले आणि काय साधले नाही, याचा हा आढावा.

बदलापूरनंतर काय ठरले?

या प्रकरणात पोलिसांनी गुन्हा नोंदवण्यास केलेल्या विलंबावरून पालकांचा रोष अनावर झाला आणि २० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापूर स्थानकात रेल्वे रोखण्यात आली. दुसऱ्याच दिवशी शालेय शिक्षण विभागाने विद्यार्थी सुरक्षेबाबत शासन निर्णय काढला. मुंबई उच्च न्यायालयाने घटनेची स्वतःहून दखल घेतली. न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठाने सुनावणीदरम्यान पोलीस आणि शाळा प्रशासनाला धारेवर धरले. त्याचबरोबर, मुलींना जपून राहायला सांगण्यापेक्षा मुलग्यांना लहानपणापासून स्त्रियांचा आदर करायला शिकवा, अशा आशयाची टिप्पणीही केली. शाळांतील सुरक्षेच्या उपाययोजना सुचवण्यासाठी समिती नेमली गेली. निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी यांचा त्यात समावेश होता.

खरे तर राज्यात यंत्रणा आधीही होती. मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने शाळा, केंद्र आणि तालुका किंवा शहर अशा स्तरांवर ‘सखी सावित्री’ समित्या स्थापन करण्यास सांगितले होते. मुलींची पटनोंदणी, बालविवाह रोखणे, समुपदेशन, सुरक्षित वातावरण अशी कामे या समितीकडे आहेत. २०२४ च्या आदेशात याच समितीची पुन्हा आठवण करून द्यावी लागली. कागदावरची समिती आणि चालणारी समिती यांतले अंतर किती असते, हे त्यातून दिसते.

हिंसा नेमकी कशाला म्हणायचे?

लिंगाधारित हिंसा म्हटले की डोळ्यांसमोर बलात्कार किंवा हुंडाबळी येतो. प्रत्यक्षात तिची सुरुवात फार किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींपासून होते. वर्गातल्या मुलीच्या शरीरावरून केलेली टिंगल, शाळेच्या वाटेवर रोज होणारा पाठलाग, हळव्या मुलाला ‘बायल्या’ म्हणून चिडवणे, व्हॉट्सॲप गटात फिरवलेले छायाचित्र, आई-बहिणीवरून दिलेली शिवी हे सारे त्यात मोडते. म्हणजे मुलगेही या हिंसेचे बळी असतात; आणि ‘मर्द’ असण्याच्या ठरलेल्या चौकटीत न बसणाऱ्या मुलांना तर ती शाळेतच सर्वात आधी भेटते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित किंवा विवाह झालेल्या २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसली होती. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.२ टक्के, म्हणजे चारातली एक. याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा शाळांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. न सांगता घराबाहेर जाणे, मुलांकडे दुर्लक्ष, उलट बोलणे, स्वयंपाक नीट न करणे, सासू-सासऱ्यांचा मान न ठेवणे अशा सात कारणांपैकी किमान एका कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणे योग्य आहे, असे देशातील ४४ टक्के पुरुषांनी मान्य केले. आणि स्त्रियांनी? ४५ टक्के.

याचा अर्थ मारहाणीला समाजाने दिलेली मान्यता केवळ पुरुषांच्या डोक्यात नाही. ती घरात, बोलण्यात, म्हणींत मुरलेली आहे आणि मुलगे-मुली दोघेही ती तिथूनच उचलतात.

त्यासाठी शाळाच का?

पहिले कारण वयाचे. बारा ते चौदा या वर्षांत शरीर बदलते, आकर्षण सुरू होते आणि ‘पुरुष म्हणजे काय’, ‘बाई म्हणजे काय’ याबद्दलच्या कल्पना पक्क्या होऊ लागतात. त्या पूर्ण घट्ट व्हायच्या आत त्यांवर बोलता येते. वीस-बावीसव्या वर्षी हेच काम अवघड होते.

दुसरे कारण पोहोचण्याचे. गावातली वस्ती असो वा शहरातली चाळ, बहुतेक मुले एका छपराखाली रोज भेटतात अशी जागा शाळाच. तिसरे कारण अधिक अस्वस्थ करणारे आहे. लैंगिक अत्याचाराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी ओळखीचा असतो, असे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षे दाखवत आली आहे. नातेवाईक, शेजारी, कुटुंबाचा मित्र. अशा वेळी घर हे बोलण्याची जागा उरत नाही. मग विश्वासाची मोठी व्यक्ती शाळेतच सापडू शकते. तीही सापडली नाही, तर मूल गप्प बसते.

जागतिक पातळीवर युनेस्को आणि ‘यूएन विमेन’ यांनी २०१६ मध्ये शाळांशी निगडित लिंगाधारित हिंसेबाबत मार्गदर्शिका काढली. शाळेतील मुलांना बळी किंवा गुन्हेगार एवढ्याच भूमिकेत न पाहता बदल घडवणारे म्हणून सोबत घ्यावे, असा विचार या क्षेत्रात आता रुजला आहे.

मुंबईच्या महापालिका शाळांत काय झाले?

या विषयातला देशातला एक महत्त्वाचा प्रयोग मुंबईत झाला. आंतरराष्ट्रीय महिला संशोधन केंद्र (आयसीआरडब्ल्यू), ‘कोरो’ ही मुंबईतील संस्था आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्था यांनी २००८ पासून ‘जेंडर इक्विटी मूव्हमेंट इन स्कूल्स’ म्हणजेच ‘जेम्स’ हा कार्यक्रम राबवला. महापालिकेच्या ४५ शाळा निवडल्या गेल्या आणि सहावी-सातवीच्या मुला-मुलींसोबत काम सुरू झाले.

शाळांचे तीन गट केले होते. एका गटात वर्गात नियमित गटचर्चा आणि त्याला जोडून शाळाभर मोहीम. दुसऱ्या गटात फक्त मोहीम. तिसऱ्यात काहीच नाही, म्हणजे तुलनेसाठी. गटचर्चेत व्याख्यान नव्हते. घरात सकाळपासून रात्रीपर्यंत कोण कोणते काम करते, शरीरातले बदल, राग आल्यावर काय करायचे, मैत्री कशाला म्हणायचे, चिडवणे कुठे संपते आणि त्रास कुठे सुरू होतो अशा विषयांवर खेळ, नाट्यप्रसंग आणि गप्पा होत्या.

अशा तासांत मुलांकडून कामांची यादी करून घेण्याचा साधा उपक्रम अनेक ठिकाणी वापरला जातो. पाणी भरणे, डबा करणे, धुणे, भांडी, लहान भावंडाला सांभाळणे... फळ्यावर यादी लांबत जाते आणि एकाच बाजूला लांबते. ‘आई काही करत नाही, ती घरीच असते’ हे वाक्य त्यानंतर वर्गात पूर्वीसारखे सहज उच्चारता येत नाही. कोणी उपदेश केलेला नसतो. यादी मुलांनीच केलेली असते.

निष्कर्ष काय निघाला? तुलनेच्या शाळांपेक्षा कार्यक्रम झालेल्या शाळांतील मुला-मुलींची समानतेबद्दलची मते अधिक बदलली. मुलींचे लग्नाचे वय, घरकामाची वाटणी, मुलींचे पुढचे शिक्षण यांबाबत हा बदल दिसला. फक्त मोहिमेपेक्षा मोहीम आणि गटचर्चा एकत्र होत्या तिथे परिणाम जास्त होता. मात्र प्रत्यक्ष हिंसक वागण्याबाबतचे निष्कर्ष मतांइतके सरळ नव्हते. पुढे महाराष्ट्र शासनाने या कार्यक्रमातील मुख्य घटक सुमारे २५ हजार सरकारी शाळांसाठीच्या उपक्रमात घेतले. झारखंडमध्ये, तसेच व्हिएतनाम आणि बांगलादेशातही ‘जेम्स’ची रूपे राबवली गेली. जिल्हा परिषद शाळांतील ‘मीना-राजू मंच’ही मुला-मुलींना एकत्र आणून याच प्रकारचे विषय बोलते करण्यासाठी आहे.

क्रिकेटच्या मैदानावर समानता कशी शिकवली?

मुलगे मोठ्यांपैकी कोणाचे ऐकतात? अनेकदा शिक्षकांपेक्षा प्रशिक्षकाचे. हे ओळखून मुंबईत ‘परिवर्तन’ हा उपक्रम आखला गेला. अमेरिकेतील ‘कोचिंग बॉइज इनटू मेन’ या कार्यक्रमाची ही भारतीय आवृत्ती. तिथे बास्केटबॉल किंवा फुटबॉल असेल; इथे अर्थातच क्रिकेट. शालेय क्रिकेट संघांचे प्रशिक्षक आणि गोवंडीतील शिवाजीनगर वस्तीतले तरुण मार्गदर्शक यांना प्रशिक्षण देण्यात आले. सरावानंतर ठरलेल्या कार्डांच्या आधारे ते मुलांशी बोलत. मैदानावर मुलींवरून शेरेबाजी होते तेव्हा तू काय करतोस? मित्र चुकीचे वागत असेल तर थांबवतोस की हसतोस?

या कार्यक्रमाचा भर ‘बघ्या’वर होता. छेड काढणारा एक असतो, पण भोवती हसणारे चार असतात. ते हसले नाहीत तर पहिल्याचा जोर ओसरतो. मूल्यमापनात, भाग घेतलेल्या खेळाडूंच्या समानतेबद्दलच्या मतांत सुधारणा दिसली. चुकीच्या वागण्याला साथ देण्याचे प्रमाण घटण्याकडे कल दिसला, पण हा परिणाम माफक होता.

नंतर याच शिवाजीनगरमध्ये मुलींसाठी ‘परिवर्तन’ आले आणि त्यासाठी खेळ निवडला कबड्डी. दाट वस्तीत मुलींनी मैदानावर उतरणे, खेळाचे कपडे घालणे, मोठ्याने ‘कबड्डी-कबड्डी’ म्हणणे हाच तिथे मोठा बदल होता. सार्वजनिक जागा मुलींचीही आहे, हे सांगायला त्यानंतर वेगळ्या भाषणाची गरज उरत नाही.

हरियाणातील अभ्यासाला इतके महत्त्व का?

कारण तो मोठ्या प्रमाणावर आणि काटेकोरपणे केला गेला. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हरियाणात हजार मुलग्यांमागे ८३४ मुली होत्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ८९४ आणि बीड जिल्ह्यात तर ८०७ होते, हे इथे विसरता येत नाही. हरियाणातील ३१४ सरकारी शाळांपैकी चिठ्ठी काढावी तशा पद्धतीने १५० शाळा निवडून त्यांत ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेने ‘तारों की टोली’ हा कार्यक्रम घेतला. सातवी ते दहावी या काळात अडीच वर्षे, साधारण तीन आठवड्यांतून एकदा, ४५ मिनिटांचा तास. एकूण तास भरले २७.

दीवा धर, तरुण जैन आणि सीमा जयचंद्रन या अर्थशास्त्रज्ञांनी सुमारे १४ हजार विद्यार्थ्यांचा अभ्यास केला आणि तो २०२२ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा की, कार्यक्रमाने प्रतिगामी मतांपैकी १६ टक्के मते पुरोगामी बाजूला वळवली. कार्यक्रम संपून दोन वर्षे झाल्यावर पुन्हा विचारले, तेव्हाही परिणाम टिकून होता. मुले ‘बरे दिसेल’ असे उत्तर तर देत नाहीत ना, हे तपासण्याची सोयही संशोधकांनी ठेवली होती.

वागण्यातही बदल दिसला. मुलग्यांनी घरकामात जास्त हातभार लावत असल्याचे सांगितले. मुलींच्या बाबतीत मात्र मते बदलूनही वागण्यात तेवढा बदल दिसला नाही. त्यामागचे कारण साधे असावे. मुलग्याने मनावर घेतले तर तो ताट उचलू शकतो. मुलीने मनावर घेतले तरी संध्याकाळी बाहेर जाण्याची परवानगी तिच्या हातात नसते. म्हणजे मुलींना ‘सक्षम’ करण्याच्या कार्यक्रमांना घर आणि मुलगे यांच्यासोबतच्या कामाची जोड नसेल, तर सारा भार पुन्हा मुलींवरच येतो. या अनुभवानंतर पंजाब आणि ओडिशा या राज्यांनीही अशा प्रकारचा अभ्यासक्रम सरकारी शाळांत आणण्यासाठी पावले टाकली.

हा तास घ्यायचा कोणी?

याचे उत्तर बिहारमधून मिळते. गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेने नालंदा जिल्ह्यातील माध्यमिक शाळांत ‘सेहेर’ नावाचा प्रयोग केला. उद्देश होता शाळेतले एकूण वातावरण सुधारणे. त्यात गुंडगिरी, हिंसा, नैराश्य आणि समानतेबद्दलची मते असे सारे मोजले गेले. काही शाळांत हे काम नेमलेल्या, खास प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी केले, तर काही शाळांत तेच काम तिथल्याच शिक्षकांवर सोपवले. ‘द लॅन्सेट’मध्ये २०१८ साली आलेल्या निष्कर्षांनुसार समुपदेशक असलेल्या शाळांत ठळक सुधारणा झाली. शिक्षकांवर सोपवलेल्या शाळांत परिणाम दिसला नाही.

याचा अर्थ शिक्षक नालायक ठरतात असा नाही. पटनोंदणी, पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीची कामे, ऑनलाइन माहिती भरणे यांतून उरलेल्या वेळात आणखी एक ‘उपक्रम’ म्हणून हा विषय आला, तर त्याचे फोटो काढून अहवाल पाठवण्यापलीकडे काही होत नाही. शिवाय जो गुण देतो, शिस्त लावतो, पालकांना बोलावतो, त्याच्यापाशी मूल मन मोकळे करेलच असे नाही. आणि खुद्द शिक्षकाची मतेही त्याच समाजातून आलेली असतात. ‘मुलींनी नीट कपडे घातले तर असे होणार नाही’ असे वर्गात बोलणाऱ्या शिक्षकाने समानतेचा तास घेतला, तर मुले काय शिकतील?

म्हणून पर्याय दोन दिसतात. एक, शाळांच्या गटासाठी का होईना, पण प्रशिक्षित समुपदेशक नेमणे. दोन, शिक्षकांवरच जबाबदारी द्यायची तर वेळापत्रकात तास, सलग प्रशिक्षण आणि दुसऱ्या कामातून सूट देणे.

पाठ्यपुस्तके आणि बोलण्याची भाषा बदलून फरक पडतो?

एकट्या पुस्तकाने पडत नाही, पण पुस्तक उलट दिशेने जात असेल तर बाकीचे कामही अडते. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकातील चित्रे बदलली, तेव्हा त्यांची बरीच चर्चा झाली होती. आई आणि वडील दोघे मिळून भाजी निवडताहेत, पुरुष कपड्यांना इस्त्री करतो आहे, वाहतूक पोलीस आणि डॉक्टर महिला आहे, अशी ती चित्रे होती. पानभर मजकुरापेक्षा असे चित्र सात वर्षांच्या मुलाच्या जास्त लक्षात राहते.

भाषेचेही तसेच. नेवासा तालुक्यातील सौंदाळा ग्रामपंचायतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड करण्याचा ठराव केला. दंडाने सवय जाते का, यावर मतभेद होऊ शकतात. पण भांडण दोन पुरुषांचे आणि अपमान मात्र तिसऱ्या बाईचा, ही विसंगती गावाने जाहीरपणे मान्य केली, याला महत्त्व आहे. शाळेच्या आवारात ‘ही शिवी का देतोस?’ हा प्रश्न विचारायला ठरावाचीही गरज नाही.

कॉलेजातील तरुणांना कोणी सोबत घेतले?

महाराष्ट्रात या कामाला तीन दशकांचा इतिहास आहे. १९९१ मध्ये सी. वाय. गोपीनाथ या पत्रकाराने बायकोला मारणे चूक आहे असे मानणाऱ्या पुरुषांनी पुढे यावे, अशी जाहिरात वृत्तपत्रात दिली. २०५ पुरुषांनी प्रतिसाद दिला. त्यातून १९९३ मध्ये ‘मेन अगेन्स्ट व्हायलन्स अँड अब्यूज’, म्हणजे ‘मावा’ ही संस्था मुंबईत उभी राहिली. हरीश सदानी हे या संस्थेचे सहसंस्थापक. संस्थेने ‘पुरुष स्पंदनं’ हा दिवाळी अंक काढला आणि २००६ पासून पुण्यातून ‘युवा मैत्री’ हा उपक्रम सुरू केला. महाविद्यालयीन तरुणांची निवड करायची, त्यांना निवासी शिबिरांतून तयार करायचे आणि मग त्यांनी आपल्याच वयाच्या मुलांशी बोलायचे, अशी ही पद्धत. पथनाट्ये, भित्तिपत्रके, लघुपट यांचा वापर त्यात होतो.

समवयस्काचे बोलणे जास्त पोहोचते, हा यामागचा अनुभव. ‘तिने नाही म्हटले, विषय संपला’ हे वाक्य प्राचार्यांच्या तोंडून आले तर सूचना ठरते. कट्ट्यावरच्या मित्राच्या तोंडून आले तर विचार करायला लावते. महाविद्यालयांत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार अंतर्गत तक्रार समिती बंधनकारक आहे आणि प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असल्यास समितीत विद्यार्थी प्रतिनिधींनाही स्थान आहे. आपल्या महाविद्यालयाच्या समितीत कोण आहे, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक विद्यार्थ्याला आहे.

कायदा शाळेकडून काय अपेक्षा करतो?

१८ वर्षांखालील सर्वांना, म्हणजे मुलग्यांनाही, २०१२ चा पोक्सो कायदा संरक्षण देतो. कलम १९ नुसार अत्याचाराची माहिती मिळालेल्या कोणत्याही व्यक्तीने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ‘शाळेची बदनामी होईल’ म्हणून प्रकरण आपसांत मिटवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. माहिती न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा लपवल्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. पीडित मुलाची ओळख उघड करण्यासही मनाई आहे. ‘निषेधा’च्या पोस्टमध्ये शाळेचे किंवा पालकांचे नाव फिरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाठलाग हा गुन्हा आहे. प्रत्यक्ष मागे फिरणेच नव्हे, तर मुलीच्या ऑनलाइन वावरावर पाळत ठेवणेही त्यात येते. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. ‘मागे लागल्याशिवाय मुलगी हो म्हणत नाही’ हे चित्रपटातून शिकलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला हे कोणी सांगितलेले नसते.

इथे एक पेचही आहे. १८ वर्षांखालच्या दोघांतील संमतीचे संबंधही पोक्सोच्या कक्षेत येतात. त्यामुळे ‘बोललो तर गुन्हा दाखल होईल’ या धास्तीने किशोरवयीन मुले मदत मागायला कचरतात. मुलांना कायदा समजावताना केवळ शिक्षेची भीती घालून भागत नाही. विश्वासाने कोणाकडे जायचे, हेही सांगावे लागते.

मग विरोध कुठून येतो?

‘शरीर’ आणि ‘संमती’ हे शब्द आले की विषय लैंगिक शिक्षणाकडे वळतो आणि तिथे वाद सुरू होतो. २००७ मध्ये केंद्राच्या किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमाला महाराष्ट्रासह अनेक राज्यांत विरोध झाला होता. अशाने मुले बिघडतील, ही भीती जुनी आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, तेव्हाही त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले गेले होते.

आज फरक एवढाच की, शाळेने सांगितले नाही म्हणून मुले अजाण राहत नाहीत. घरातला मोबाइल त्यांना सारे दाखवतो, तेही संमती, आदर, जबाबदारी या गोष्टी वगळून. पालकांचा विरोध अनेकदा विषयाला नसतो, तर न सांगता केलेल्या कार्यक्रमाला असतो. आधी पालक सभा घेऊन काय शिकवणार, कोणत्या शब्दांत शिकवणार हे दाखवले, तर बराच विरोध मावळतो.

या प्रयोगांच्या मर्यादा काय?

पहिली मर्यादा मोजमापाची. बहुतेक अभ्यासांत मुले स्वतःबद्दल सांगतात तेच नोंदले जाते. मत बदलले म्हणजे दहा वर्षांनी घरात हात उगारला जाणार नाही, अशी हमी कोणताही अभ्यास देत नाही. दुसरी, वेळेची. ८ मार्चला एक व्याख्यान, जानेवारीत बालिका दिनाला एक रांगोळी स्पर्धा, यातून काही बदलल्याचा पुरावा नाही. परिणाम दिसले ते सलग, वर्ष-दोन वर्षे चाललेल्या कामात. तिसरी, प्रमाणाची. ४५ शाळांत संस्थेचे कार्यकर्ते जे काम करतात, ते हजारो शाळांत परिपत्रकाने होत नाही.

चौथी मर्यादा सर्वात महत्त्वाची. मुले बोलती झाली की तक्रारी वाढतात. त्या वेळी शाळेत ऐकणारे कोणी नसेल, पोलीस ठाण्यात पालकांना तासन्‌तास बसवून ठेवले जात असेल, तर बोलण्याचे धाडस करणाऱ्या मुलाचा विश्वास कायमचा जातो. बदलापुरात संताप उसळला तो केवळ गुन्ह्यामुळे नाही, तर तक्रार घेऊन गेलेल्यांना मिळालेल्या वागणुकीमुळेही. त्यामुळे वर्गातला तास आणि तक्रारीची यंत्रणा या दोन्ही गोष्टी सोबतच उभ्या कराव्या लागतात.

पालक आणि विद्यार्थी आज काय करू शकतात?

शाळेच्या पुढच्या पालक सभेत चार प्रश्न विचारता येतील. सखी सावित्री समितीत कोण आहेत आणि तिची शेवटची बैठक कधी झाली? तक्रार पेटी कुठे लावली आहे आणि ती कोण उघडते? मुलांनी बोलण्यासाठी समुपदेशक किंवा नेमलेली शिक्षिका आहे का? आणि मुलगे व मुली यांच्यासोबत या विषयावर वर्षात किती तास होतात?

घरात, जेवणानंतर ताटे उचलण्याचे काम मुलग्यालाही द्यायचे, ‘मुलीसारखा रडतोस काय’ हे वाक्य टाळायचे आणि मुलाने काही सांगितले तर आधी ‘तू तिथे गेलासच का’ असे न विचारता ऐकून घ्यायचे. मित्रांच्या गटात एखादीचे छायाचित्र फिरू लागले, तर पुढे न पाठवणे ही पहिली पायरी आणि मोठ्यांना सांगणे ही दुसरी. अशा प्रकाराची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. संकटातील मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक देशभर उपलब्ध आहेत. ते शाळेच्या भिंतीवर, मुलांना दिसतील अशा उंचीवर लिहिलेले आहेत का, हे शाळेत गेल्यावर एकदा पाहून घ्यावे.